लाल रेघेपर्यंत पाणी

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून बघत होते. ही सवय माझी नव्हे, तिच्या वडिलांची. गजभिये भाऊजी आमच्याकडे चहाला यायचे, आणि पुढे ठेवलेलं पाणी आधी खिडकीकडे धरून बघायचे, मगच तोंडाला लावायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चांगलाच राग आला होता. "आमच्या घरचं पाणी गढूळ वाटून राहिलं का भाऊजी तुमाले?" असं मी फटकन विचारलंही होतं. ते ओशाळून हसले. म्हणाले, "तसं नाही वहिनी. सवय हाय. हात आंधी जाते, डोकं मागून येते." इतकी वर्षं बघून बघून ते माझ्याही हाताला लागलं. तर त्या सकाळी एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात फोन… "काकू, बाबा गेले," एवढंच प्रज्ञा म्हणाली. नेहमीसारखे फिरून आले, नागपुरात इंदोऱ्यातल्या घराच्या ओट्यावर खुर्चीत बसले, आणि ती चहा घेऊन बाहेर आली तोवर सगळं आटोपलं होतं. मी ग्लास खाली ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उभा राहिला. खापरखेड्याच्या वीज केंद्रातले त्यांचे जुने सोबती बोलले. तिथल्या प्रयोगशाळेत भाऊजींनी सारी नोकरी केली, बॉयलरला जाणारं पाणी तपासण्यात. वस्तीतली मुलं, आता टक्कल पडलेली, बोलली, की सरांनी आम्हाला फुकटात रसायनशास्त्र शिकवलं आणि तितकेच कानही पिळले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, की वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेलं हे पोर पुढे घरातला पहिला बी.एस्सी. झालं. सगळं खरं होतं. पण विमानाचं नाव एकानेही काढलं नाही. आणि काढणार तरी कसं? भाऊजी कधी विमानात बसलेच नव्हते. मुंबईलाही रेल्वेने जायचे. त्या गर्दीत मी एकटीच अशी होते, जिला ठाऊक होतं की या माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं एका चिमुकल्या विमानाच्या पोटाखाली उकिडवं बसून काढली. मला बोला म्हणाले. मी हात जोडले आणि खाली बसले. जे बोलायचं होतं ते असं दोन मिनिटांत उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे.

भाऊजी आणि आमचे हे, म्हणजे कोल्हे, दोघं कन्हानचे. एकाच शाळेत, एकाच बाकावर. पुढे हे हवाई दलात इंजिनांच्या दुरुस्तीत गेले, भाऊजी वीज केंद्रात. निवृत्त होऊन नागपुरात परत आल्यावर यांच्या डोक्यात भूत शिरलं, की आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं नीट करून दिली, आता आपण उडायचं. रीतसर शिकले, परवाना काढला, आणि कुठून कुठून खटपट करून एक जुनं दोन माणसांचं विमान घेऊन आले. विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल ते मनातून काढून टाका. स्कूटरला पंख लावावेत तेवढंच ते. त्यात पंपावरचं साधं पेट्रोल भरायचं, मोटारीत भरतात तेच. उतरायला जागा हवी, तर काटोलजवळ माझ्या माहेरची माझ्या वाट्याला आलेली मुरमाड पडीक जमीन होती, जिथे कुसळ सोडून काही उगवत नव्हतं. शेजारी भावाचा संत्र्याचा बगीचा. "हिच्या बापानं मले हुंड्यात धावपट्टी देल्ली," असं हे लोकांना सांगायचे. हुंडा माझ्या बापाने एक पैसा दिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

धावपट्टीच्या कडेला कडुनिंबाखाली एक पत्र्याची शेड आणि प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या. यांची, माझी आणि भाऊजींची. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं नागपूरहून निघायचो, माझ्याकडे थर्मास आणि पोह्यांचा डबा. हे विमानाभोवती नव्या नवरीच्या सासूसारखे फिरायचे, हे बघ, ते बघ. भाऊजींचं काम एकच. टाकीच्या तळाशी एक बारकी तोटी असते, तिच्यातून काचेच्या छोट्या पेल्यात थोडं पेट्रोल काढून घ्यायचं आणि आभाळाकडे धरून बघायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. काचेत खाली पाण्याचा थेंब दिसला किंवा मध्ये रेघ दिसली, तर उडायचं नाही. गाडीत पेट्रोलमध्ये पाणी आलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आपण दोन शिव्या घालतो आणि मेकॅनिक शोधतो. आभाळाला कड नसते. हे मला भाऊजींनीच समजावून सांगितलं होतं.

सगळं ठीक असलं, की ते काचेतलं पेट्रोल बाजूला ठेवलेल्या डब्यात ओतायचे आणि म्हणायचे, "जा." एवढा एकच शब्द. ठीक नसलं तर म्हणायचे, "आज नाही." आणि मग वाद न घालता आपल्या खुर्चीत जाऊन बसायचे. हे चिडायचे, बडबडायचे, विमानाला एक चक्कर मारायचे, आणखी बडबडायचे. भाऊजी हूं की चूं करायचे नाहीत. शेवटी राग निवला की हेही येऊन शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि मला म्हणायचे, "काढ वं तुझा थर्मास." ते भांडण तिथेच संपायचं. मी एकदा भाऊजींना विचारलं, "तुम्ही तोंडातून शब्द काहून काढत नाही हो?" तर म्हणाले, "वहिनी, नाही म्हटल्यावर लगेच उठून जायचं नसते. समोरच्याचा राग आपल्या डोळ्यासमोर निवला पाहिजे. नाही तं तो आपल्या मागून इंजन चालू करते."

आणि ते स्वतः कधी उडाले नाहीत त्याचंही कारण होतं. यांनी किती आग्रह केला, हात धरून ओढलं, "अबे गजभिये, एकडाव चल, कन्हान दाखवतो वरून." भाऊजी ढिम्म. मला वाटायचं भितात. मी तसं चिडवलंही. तेव्हा ते गंभीर होऊन म्हणाले, "एकडाव बसलो तं मले चटक लागन. मंग मलेच उडावं वाटन. अन् ज्याले उडावं वाटते, त्यानं पेट्रोल तपासू नये."

पुढे पंपावरच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळू लागले. उसापासून, धान्यापासून काढलेलं, म्हणजे शेवटी दारूचीच सख्खी बहीण. देशाच्या दृष्टीने ते चांगलं की वाईट यातलं मला काही कळत नाही आणि भाऊजीही त्यावर बोलत नसत. त्यांना चिंता वेगळीच होती. नुसतं पाणी पेट्रोलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसून दिसतं तरी. पण अल्कोहोल हवेतला दमट ओलावा ओढून घेतं आणि त्या पाण्याला आपल्या पोटात लपवून ठेवतं. काच कितीही आभाळाकडे धरा, रेघ दिसत नाही. आणि मग एखाद्या थंड सकाळी पोट भरलं की ते पाणी आणि अल्कोहोल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात, जिथून इंजिनाला पेट्रोल जातं तिथेच. "दारू पेट्रोलच्या घरी नांदते, वहिनी," भाऊजी सांगायचे, "पण पाणी दिसलं का त्याच्यासंग पळून जाते." यावर हे म्हणायचे, "गजभिये, तू ज्या पोट्ट्यांना शिकवलं ते बिघडले कसे नाहीत गा?"

त्यावर भाऊजींनी काढलेला इलाज म्हणजे ती नळी. निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतल्या सोबत्यांनी घड्याळाऐवजी त्यांना काचेची एक उंच नळी भेट दिली होती, बूच असलेली. तिच्यावर त्यांनी प्रज्ञाच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली. रेघेपर्यंत पाणी भरायचं, वर पेट्रोल ओतायचं, बूच लावून घुसळायचं आणि ठेवून द्यायचं. शुद्ध पेट्रोल असेल तर पाणी पुन्हा लाल रेघेपाशी येऊन थांबतं. अल्कोहोल असेल तर ते पेट्रोलला सोडून पाण्यात जातं आणि पाणी लाल रेघेच्या वर चढलेलं दिसतं. जितकं वर चढेल तितकं अल्कोहोल. ही नळी घेऊन हा माणूस नागपूरभर पंपापंपांवर फिरला. पंपावरची पोरं त्यांना येताना पाहून एकमेकांना कोपरं मारायची. एकाने तर विचारलं म्हणे, "काका, घरी न्यायचं का इथंच पिता?" हे सांगताना भाऊजी स्वतःच इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं.

आता त्या दिवसाकडे येते. इतक्या वर्षांत मी त्या विमानात पाय ठेवला नव्हता. भीती वाटायची, दुसरं काय? पण त्या वर्षी दिवाळीनंतर भावाच्या बगीच्यात संत्री अशी लागली होती, की खालून पानं कमी आणि फळं जास्त दिसायची. हे म्हणाले, "वरून पाह्यशीन तं रडशीन." साठी उलटली होती माझी. मनात आलं, आता नाही तर कधी? साडी नेसून त्या विमानात चढता येत नाही, म्हणून सीताबर्डीला जाऊन आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस आणला. घालून बाहेर आले तर हे शिट्टी वाजवायला लागले, आणि भाऊजी बिचारे दुसरीकडे बघत म्हणाले, "बरं दिसून राहिलं, वहिनी."

थंडी पडायला लागली होती, गवतावर दव होतं. पेट्रोल शेडमधल्या कॅनमधून आदल्या रविवारीच टाकीत भरून ठेवलेलं. पावसाळाभर ते कॅन तिथेच होते. हे म्हणाले, आज मीच बघतो, आणि तोटीतून काचेत पेट्रोल काढून आभाळाकडे धरलं. मीही बघितलं. एकसारखं स्वच्छ. पाण्याचा थेंब नाही, रेघ नाही, फिकट केशरी रंग, वासही पेट्रोलचाच. "काचेसारखं हाय," हे म्हणाले आणि मला चढायला हात दिला. माझा एक पाय वर. तेवढ्यात भाऊजींनी यांच्या हातातून ती काच घेतली. बराच वेळ बघत राहिले. रेघ नाही हेच त्यांना खटकत होतं. "रंग फिका वाटून राहिला," एवढंच पुटपुटले. मग मला म्हणाले, "वहिनी, हात द्या."

मी पाय खाली घेतला, हात पुढे केला. त्यांनी माझ्या उजव्या तळहातावर तळाचं थोडं ओतलं, आणि डाव्या तळहातावर शेडमधल्या स्टोव्हसाठी ठेवलेल्या जुन्या बाटलीतलं पेट्रोल. डावा हात गार पडला आणि बघता बघता कोरडा झाला. उजवा ओलाच राहिला. आम्ही तिघं माझ्या उजव्या तळहाताकडे बघत उभे… तो ओलाच. काचेत रेघ नव्हती, कारण रेघ पडायला दोन गोष्टी लागतात. त्या काचेत वरपासून खालपर्यंत एकच गोष्ट होती, पाणी आणि अल्कोहोल. पेट्रोलचा नुसता वास आणि जरासा रंग. भाऊजी तोटीशी बसले आणि काढत राहिले. एक काच, दुसरी काच, मग बाटली लावली. बाटली पार भरत आली तेव्हा कुठे तिच्यात वर रेघ दिसली, आणि रेघेच्या वर खरं पेट्रोल.

"आज नाही," भाऊजी म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी हे बडबडले नाहीत. सरळ जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि माझ्याकडे बघायचं टाळत राहिले. थर्मास मीच न सांगता काढला. चहा सांडला. हसण्यासारखी गोष्ट अशी, की घाबरण्यापेक्षा मला वाईट जास्त वाटत होतं. एवढा ड्रेस आणला, आणि संत्री वरून बघायची राहिली.

पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरलं. पण मुलीच्या बाळंतपणासाठी मला बंगळुरूला जावं लागलं. त्या हिवाळ्यात हे उडत होते. भाऊजींनी नवा नियम घातला होता, पेट्रोल त्याच सकाळी आणायचं आणि उरेल ते त्याच दिवशी टाकीतून काढायचं, एक थेंब ठेवायचा नाही. इंजिनाच्या पुस्तकात थोडं अल्कोहोल चालतं असं लिहिलेलं होतं, आणि त्या थोड्यात ते बसत होतं. मी परत आले, पुढे पावसाळा आला, मग माझं गुडघ्याचं दुखणं, आणि असं करता करता पंपावरच्या पेट्रोलमधलं अल्कोहोल दुप्पट झालं. भाऊजींनी नळी घुसळून ठेवली. पाणी लाल रेघेच्या इतकं वर चढलं, की यांनीही हातातलं फडकं खाली ठेवलं. विमानांसाठीचं वेगळं पेट्रोल असतं, ते मागवायचा दोघांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण एकट्या विमानाच्या मालकाला कोण विचारतं? पाण्याने धुऊन अल्कोहोल काढून टाकता येतं असं यांनी कुठेतरी वाचलं. "धुतलेल्या पेट्रोलात ताकद किती उरते हे मले सांगता नाही येत," भाऊजी म्हणाले, "अन् जे मले सांगता येत नाही, त्याले मी जा म्हणत नाही." आणि त्यानंतर त्यांचं "आज नाही" हे कायमचं झालं.

यांनी ते मानलं. चाळीस जणांत भांडून आपलंच खरं करणारा माणूस, पण या एका बाबतीत गजभियेचा शब्द शेवटचा, हा त्या दोघांचा अलिखित करार होता. तरी रविवारी आम्ही जातच राहिलो. हे विमान पुसायचे, पंखा हाताने फिरवायचे, आत बसून राहायचे. भाऊजी खुर्चीत. मी पोहे द्यायचे. यांचं जेवण कमी झालं, मग बोलणंही. पुढच्या वर्षी एका पहाटे झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. मी मनात म्हटलं, असेल. विमानाने नेलं नाही, एवढं खरं.

त्यानंतर मी आणि भाऊजी, दोघंच उरलो. त्यांची बायको तर केव्हाच गेली होती. काटोलला जाणं थांबलं, पण रविवारचा चहा माझ्या त्रिमूर्तीनगरच्या घरी सुरू झाला. शेजारणींनी भुवया उंचावल्या, मी त्यांना दार उघडं ठेवून चहाला बोलावलं, मग त्या यायच्या बंद झाल्या. भाऊजी यायचे, पाणी उजेडाकडे धरायचे, प्यायचे. आम्ही टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवायचो. यांचा विषय निघायचा आणि निघून जायचा.

एका रविवारी त्यांनी ग्लास नेहमीसारखा खिडकीकडे धरला, पण खाली आणलाच नाही. तसाच धरून म्हणाले, "वहिनी, एक इचारू? राग तं नाही येणार?"

"विचारा ना."

"तुमच्या हातावर ओतलं होतं त्या दिवशीचं नाही… त्याच्याबद्दल मले काही वाटत नाही. तिथी पुरावा होता. पण त्याच्या नंतरचं. मी त्याचं उडणं बंद केलं. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित इंजन मस्त चाललं असतं अन् कोल्हे आज इथी बसून माझ्या अंगावर ओरडून राहिला असता." "हो म्हणनाऱ्याले उत्तर मिळते, वहिनी. विमान वापस येते, नाही तं नाही येत. नाही म्हणनाऱ्याले काहीच मिळत नाही. विमान शेडमध्येच असते. मी बरं केलं का वाईट केलं, हे मले मरेपर्यंत मालूम नाही होणार."

खोटं बोलून त्यांची समजूत काढणं सोपं होतं. चाळीसेक वर्षं संसार केलेल्या कुठल्याही बाईला ते जमतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर काचेत दिसलं तेच सांगितलं, त्याला मी काय म्हणून खोटं सांगू? मी म्हटलं, "मले नाही माहीत, भाऊजी. कधी तुमचा राग येते. कधी वाटते, तुमच्यामुळंच ते आपल्या अंथरुणात गेले." त्यांनी मान डोलावली. मग पाणी प्यायले. "हे बरं झालं," म्हणाले, "मले वाटलं तुमी गोड बोलसान." त्या दिवशी ते जाताना फाटकापाशी बराच वेळ चपला घालत राहिले. हा माणूस रात्री एकटा असताना काय करत असेल, असं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आणि मग ते जाईना.

शेवटची भेट अगदी साधी झाली. विमान आता विकून टाकावं असं मी ठरवलं होतं, आणि यवतमाळकडचे एक डॉक्टर घ्यायला तयार होते. भाऊजी म्हणाले, "गिऱ्हाईक येईन तवा मी येतो. माझ्याशिवाय टाकीत पेट्रोल नका टाकू देऊ. लोकाले नवीन खेळणं भेटलं का तिथूनच उडवावं वाटते." रविवार ठरला. त्याच्या आधीच्या बुधवारी प्रज्ञाचा फोन आला.

पुण्यानुमोदनानंतर मी निघाले तेव्हा प्रज्ञाने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "काकू, बाबांनी रविवारसाठी काढून ठेवली होती." आत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली नळी होती. लाल रेघ जागोजागी टवके उडून पुसट झालेली, आणि तिच्यावर पुन्हा ताजी रेघ ओढलेली. प्रज्ञा म्हणाली, "माझं नवीन नेलपॉलिश संपवलं त्यांनी." आणि मग ती रडायला लागली. मीही.

डॉक्टर मागच्या रविवारी आले. उत्साही माणूस, चाळिशीचा, रीतसर परवानाधारक, वागायला गोड. काटोलला मी एकटी गेले, पिशवी मांडीवर घेऊन. मुरमावर गवत वाढलं होतं ते भावाने काढून घेतलं होतं. कडुनिंबाखाली तिन्ही खुर्च्या जशाच्या तशा, त्यांवर कडुनिंबाची वाळकी पानं. डॉक्टरांनी येताना पंपावरून कॅन भरून आणला होता. इंजिन तपासलं, पंख बघितले, आणि भाऊजी म्हणाले होते तसंच झालं. "काकू, आता इथूनच एक चक्कर मारतो आणि तसंच पुढं नेतो. हवा छान आहे."

मी म्हटलं, आधी थोडं पेट्रोल द्या. पिशवीतून नळी काढली. बाटलीतलं पाणी रेघेपर्यंत भरलं, वर त्यांच्या कॅनमधलं पेट्रोल ओतलं, बूच लावून घुसळलं आणि विमानाच्या चाकाशी सपाट जागा बघून ठेवून दिलं. डॉक्टर कौतुकाने बघत होते, घरातल्या म्हातारीचं व्रत बघावं तसे. हळूहळू वर पेट्रोल आणि खाली पाणी वेगळं झालं. पाणी लाल रेघेच्या बरंच वर थांबलं.

"आज नाही," मी म्हटलं.

"अहो काकू, आता सगळीकडं हेच पेट्रोल आहे," डॉक्टर हसत म्हणाले. "ताजं आहे, आत्ताच भरलंय. तासाभराचा तर प्रश्न. काही होत नाही."

काही होत नाही, हे खरंही असेल. तेच तर. माझ्या तळहातावर त्या दिवसासारखं काही ओलं नव्हतं, की जे दाखवून त्यांचं तोंड बंद करावं. हा तर भाऊजींचा शेवटचा, बिनपुराव्याचा नकार होता, आणि तो आता माझ्या वाट्याला आला होता. तो माणूस कदाचित मजेत यवतमाळला उतरला असता. मला काहीही माहीत नव्हतं. त्याच्या घरी कोण आहे, संध्याकाळी कोण वाट बघतं, तेही नाही. पण विमान अजून माझ्या नावावर होतं, जमीन माझ्या बापाची होती आणि चावी माझ्या पर्समध्ये होती. "ट्रक मागवा आणि त्यावर घालून न्या," मी म्हटलं. "तुमच्या गावी गेल्यावर तुम्ही आणि तुमचं पेट्रोल. इथून नाही."

त्यांचं हसू गेलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, विमानाला एक चक्कर मारली, मग लांब जाऊन फोनवर चिडून बोलू लागले. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्यासाठी काय केलं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. मलाही नाही. आणि तेव्हा मला भाऊजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, जे त्या रविवारी माझ्याजवळ नव्हतं. त्यांनी नुसतं यांचं उडणं बंद केलं नव्हतं. त्यांनी न कळण्याचं ओझं एकट्याने उचललं होतं, म्हणजे यांचं विमान परत येणार नाही, हे कळायची वेळ माझ्यावर कधी येऊ नये. बरं केलंत, भाऊजी… हे सांगायला मला उशीर झाला.

नाही म्हटल्यावर लगेच उठून जायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी मधल्या खुर्चीवरची पानं झाडली. ती त्यांची. तीत बसले. समोर चाकाशी नळी उभी होती, खाली पाणी, वर पेट्रोल, आणि पलीकडे भावाचा बगीचा, जो मी आजवर खालूनच बघितलाय. डॉक्टरांचा राग निवला आणि ते ट्रक येतोय असं सांगून गेले, त्यालाही बराच वेळ झाला. शेजारच्या खुर्चीत येऊन बसून कुणी थर्मास काढ म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी ऊन अंगावर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.